स्टॉप्ड-फ्लो: सुरुवातीचा वाकडेपणा रसायनाचा की यंत्राचा?

महापेकर

नमस्कार मंडळी,

टीटीसी पट्ट्यातल्या एका लहान लॅबमध्ये साध्या यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटरला रॅपिड मिक्सिंगची जोडणी बसवली आहे, म्हणजे स्टॉप्ड-फ्लो: दोन द्रावणं झटक्यात मिसळायची, प्रवाह एकदम थांबवायचा आणि रंग कसा बदलतो ते बघायचं. दोन सिरिंज, हवेच्या दाबावर चालणारा ड्राइव्ह, शेवटी स्टॉप सिरिंज, १ सेंटीमीटर पाथची सेल. चाचणीसाठी सगळे घेतात तीच रिॲक्शन घेतली: फेरिक आणि थायोसायनेट, ४६० नॅनोमीटरला. मिसळल्यानंतरची प्रमाणं अशी: थायोसायनेट ०.१ मिलिमोलर, फेरिक नायट्रेट ०.०१ ते ०.१ मोलर, पर्क्लोरिक ॲसिड ०.५ मोलर, तापमान २५ अंश.

तीन गोष्टी खटकतात.

१. केऑब्ज (कर्व्हवरून मोजलेला दरस्थिरांक, थोडक्यात के) विरुद्ध फेरिक असा ग्राफ काढला तर खालचे बिंदू रेषेत बसतात, पण ०.०५ मोलरच्या वर रेषा खाली झुकते.
२. प्रत्येक कर्व्ह सुरुवातीला जवळजवळ सपाट असतो, मग चढतो.
३. एकच द्रावण लागोपाठ मारत गेलं तर शॉटगणिक (दर वेळी ढकलून मिसळलं की) ॲम्प्लिट्यूड, म्हणजे कर्व्हची एकूण चढण, उतरत जाते.

यात रसायन किती आणि यंत्र किती? तपासायला सुरुवात कुठून करावी?

---

वागळे सर्कल

स्टॉप्ड-फ्लो बघायला यंत्र कशाला हवं? संध्याकाळी सातला घोडबंदर रोडवर या. फ्लो आहे, स्टॉप आहे आणि डेड टाइम तर विचारूच नका.

(दिवा घ्या. उत्तर जाणकार देतीलच, मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

---

अर्धायुष्य

तुमचा तिसरा मुद्दा आधी मिटवा. तो मिटल्याशिवाय पहिल्या दोनांवर बोलण्यात अर्थ नाही.

ॲम्प्लिट्यूड शॉटगणिक उतरते म्हणजे बहुधा दोन्ही सिरिंजमधून सारखं द्रावण येत नाही. कारणं साधारण दोन. एका बाजूला बुडबुडा अडकलाय. ड्राइव्हने ढकललं की तो दबतो आणि तेवढं द्रावण कमी येतं. नाहीतर भरण्याच्या बाजूचा व्हॉल्व्ह गळतोय आणि थोडं द्रावण उलटं जातंय.

तपासायची रीत: पाण्यात विरघळणारा कुठलाही टिकाऊ रंग घ्या, थेट सेलमध्ये ॲब्झॉर्बन्स ०.८० यावा इतका. एका सिरिंजमध्ये रंग, दुसरीत पाणी, आणि दहा शॉट मारा. ०.४० यायला हवा. मग बाजू बदलून पुन्हा दहा. दोन्हीकडून ०.४० आला तर प्रमाण एकास एक आहे. एका बाजूने ०.३७ आणि दुसरीकडून ०.४३ आला तर कुठली बाजू कमी देते ते लगेच कळतं. आकडा स्थिर नसून सरकत असेल तर बुडबुडा. स्थिर पण चुकीचा असेल तर गळती किंवा प्लंजरची घिसलेली सील.

आणि द्रावण बदललं की पहिले तीन-चार शॉट सरळ फेकायचे. सेल आणि नळ्यांमध्ये आधीचं द्रावण उरलेलं असतं.

---

खारेगावची खाडी

अर्धायुष्य यांना +१. बुडबुड्यांबद्दल एक भर: बफर फ्रिजमधून काढून थेट सिरिंजमध्ये भरू नका. थंड द्रावणात हवा जास्त विरघळलेली असते, २५ अंशांवर आलं की ती सिरिंजमध्येच बाहेर पडते. खोलीच्या तापमानाला आणायचं, पंपाच्या व्हॅक्यूमखाली दहा-पंधरा मिनिटं हलवत ठेवायचं, आणि सिरिंज हळू भरायची. झटक्यात ओढली की तिथेच नवे बुडबुडे तयार होतात. भरल्यावर प्लंजर दोन-तीनदा पुढे-मागे करून बुडबुडा रिझर्व्हॉयरकडे परतवायचा, सेलकडे नाही.

---

रसायनवेडा

पहिल्या मुद्द्याचं उत्तर मला सरळ दिसतंय: आयनिक स्ट्रेंग्थ, म्हणजे द्रावणातल्या सगळ्या आयनांचा भारानुसार धरलेला एकूण जोर. सोडियम पर्क्लोरेट घातल्याचा उल्लेखच नाही.

हिशेब करा. फेरिक नायट्रेट म्हणजे एकास तीन मीठ, त्याची आयनिक स्ट्रेंग्थ मोलॅरिटीच्या सहापट. ०.०१ मोलरला ०.०६, त्यात ॲसिडचे ०.५, एकूण ०.५६. पण ०.१ मोलरला ०.६ अधिक ०.५ म्हणजे १.१. एकाच ग्राफवर आयनिक स्ट्रेंग्थ दुप्पट होतेय. अधिक तीन आणि उणे एक अशा आयनांमधली रिॲक्शन, म्हणजे आयनिक स्ट्रेंग्थ वाढली की दर उतरणार. रेषा झुकली तर नवल नाही.

सगळी द्रावणं १.२ ला बांधा. मिसळल्यानंतर फेरिक ०.१ असेल तिथे सोडियम पर्क्लोरेट ०.१ मोलर, फेरिक ०.०१ असेल तिथे ०.६४ मोलर. एवढ्या वरच्या पट्ट्यात समीकरणाने दुरुस्ती करण्याच्या भानगडीत पडू नका, स्थिर ठेवणं हाच उपाय.

---

आळशी इलेक्ट्रॉन

आयनिक स्ट्रेंग्थ बांधायलाच हवी, मान्य. पण दुसरा मुद्दा तिने सुटत नाही. सपाट सुरुवात मिठाने येत नाही. महापेकर, स्पेक्ट्रोफोटोमीटरचा रिस्पॉन्स (सिग्नल गुळगुळीत करणाऱ्या फिल्टरचा वेळ) किती ठेवलाय?

---

रसायनवेडा

ताई, सपाट सुरुवात म्हणजे डेड टाइम नाही का? जोडणीवाल्या यंत्रांचा डेड टाइम सात-आठ मिलिसेकंद असतोच.

---

आळशी इलेक्ट्रॉन

नाही. इथेच बहुतेकांची गल्लत होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डेड टाइम म्हणजे मिक्सरपासून सेलमधल्या निरीक्षणाच्या जागेपर्यंत द्रावण पोचायला लागणारा वेळ. मधलं आकारमान भागिले प्रवाहाचा वेग. २० मायक्रोलिटर आणि सेकंदाला २० मिलिलिटर असेल तर १ मिलिसेकंद. स्वतंत्र स्टॉप्ड-फ्लो यंत्रात एक-दोन मिलिसेकंद जमतो, साध्या जोडणीत त्याच्या कितीतरी पट. पण डेड टाइममुळे कर्व्हचा आकार बदलत नाही. एक्स्पोनेन्शियलचं डोकं कापलं तरी उरलेलं शेपूट त्याच केचं एक्स्पोनेन्शियल असतं. तुमच्या वरच्या बिंदूंना के सेकंदाला साधारण १४ असेल. ८ मिलिसेकंदात ॲम्प्लिट्यूडचा सुमारे ११ टक्के भाग जाईल, के मात्र तोच राहील. सपाट सुरुवात तर नाहीच.

सपाट सुरुवात दोन कारणांनी येते आणि दोन्ही डोळ्यांनी ओळखता येतात.

सपाट भाग संपताना टोकदार कोपरा असेल तर मोजणी प्रवाह थांबण्याच्या आधीच सुरू झाली आहे. प्रवाह चालू असेपर्यंत सेलसमोर कायम डेड टाइमइतक्या वयाचंच द्रावण असतं, म्हणून पातळी स्थिर. स्टॉप सिरिंज आपटली की कोपरा. हे वाईट नाही, उलट उपयोगाचं आहे: शून्य वेळ त्या कोपऱ्यावर धरा आणि फिट त्याच्या पुढून सुरू करा.

कोपरा नसून गोलसर, इंग्रजी एसच्या खालच्या अर्ध्यासारखं वळण असेल तर तो इलेक्ट्रॉनिक फिल्टर. साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये नॉइज कमी दिसावा म्हणून रिस्पॉन्स बऱ्याचदा ०.१ सेकंद किंवा त्याहून जास्त ठेवलेला असतो. ०.१ सेकंदाचा टाइम कॉन्स्टंट म्हणजे यंत्राचा स्वतःचाच के सेकंदाला १० झाला. रिॲक्शनचा १४ त्यावर कसा दिसणार? दोन्ही मिसळून येतात आणि एकच एक्स्पोनेन्शियल बसवला की के कमी निघतो. के जेवढा मोठा तेवढी तूट मोठी, म्हणजे रेषा वरच्या बाजूला झुकणारच. पहिला आणि दुसरा मुद्दा एकाच कारणाचे असू शकतात.

नियम असा पाळा: टाइम कॉन्स्टंट अर्धायुष्याच्या दहाव्या भागापेक्षा लहान. के १४ ला अर्धायुष्य ५० मिलिसेकंद, म्हणजे रिस्पॉन्स ५ मिलिसेकंद किंवा कमी. नॉइज वाढेल. वाढू द्या, पाच-सात शॉटची सरासरी घ्या.

थोडक्यात, चूक कुठे उमटते ते बघायचं. ॲम्प्लिट्यूडवर उमटली तर डेड टाइम किंवा मिसळण्याचं प्रमाण. आकारावर आणि केवर उमटली तर फिल्टर.

---

अर्धायुष्य

माझ्या नावाचा उल्लेख झाल्याबद्दल आभार. :)

रसायनवेडा विरुद्ध आळशी इलेक्ट्रॉन हा निकाल एका शॉटमध्ये लागेल: द्रावणं तीच ठेवा, फक्त रिस्पॉन्स बदला. के बदलला तर यंत्र. नाही बदलला तर मीठ.

---

रसायनवेडा

मान्य. पण रिस्पॉन्स बदलून के वाढला तरी आयनिक स्ट्रेंग्थचा मुद्दा खोटा ठरत नाही, दोन्ही असू शकतात. जिंकल्याचा मोदक मी सोडणार नाही.

---

मिठागर

आणखी एक शक्यता राहिली. ०.२ मोलर फेरिकची सिरिंज आणि जवळजवळ नुसत्या ॲसिडची सिरिंज, यांच्या घनतेत आणि रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्समध्ये बराच फरक आहे. मिसळणं पुरतं झालं नाही तर सेलमध्ये रेघा तरंगतात, प्रकाश विखुरतो आणि पहिल्या काही दहा मिलिसेकंदांत कर्व्ह थरथरतो. युरिया, ग्वानिडीन किंवा मिथेनॉल असलेली सिरिंज पाण्याशी मिसळताना हे हमखास होतं.

ओळखायला सोपं: तीच द्रावणं ७०० नॅनोमीटरला मारा. तिथे फेरिक थायोसायनेट जवळजवळ काहीच शोषत नाही. तिथे जे काही दिसेल ते रसायन नव्हे.

उपाय म्हणजे सोडियम पर्क्लोरेट थायोसायनेटच्या सिरिंजमध्ये घालायचं, फेरिकच्या नाही. मग रसायनवेडा यांची १.२ पण सांभाळली जाते आणि दोन बाजूंमधला फरकही कमी होतो. ॲसिड मात्र दोन्ही सिरिंजमध्ये ०.५ मोलरच.

---

ऐरोलीची आत्या

ॲसिड दोन्हीकडे सारखं ठेवायचं ते का, हेही सांगा कुणीतरी. नवशिक्यांना तो नुसता नियम वाटतो.

---

मिठागर

आत्या, फेरिक आयनाचा थोडा भाग पाण्यातून एक प्रोटॉन सोडून हायड्रॉक्सो रूपात जातो. ०.५ मोलर ॲसिडमध्ये तो जेमतेम अर्धा टक्का असेल, पण थायोसायनेटशी त्याची गती साध्या फेरिकच्या साधारण शंभरपट. म्हणून तेवढासा भागही दरात चांगला वाटा उचलतो. ॲसिड ०.५ वरून ०.१ वर आलं की मोजलेला दर दुपटीच्या आसपास जातो. एका सिरिंजमध्ये ॲसिड विसरलं तर मिसळल्यावर ०.२५ उरतं आणि अख्खी मालिका बिघडते. शिवाय कमी ॲसिडमध्ये फेरिकचं द्रावण ठेवलं की ते पिवळं-तपकिरी होत जातं, तो वेगळाच ताप.

हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरू नका. क्लोराइड स्वतः फेरिकशी बांधला जातो.

---

कोपरीचा कंपाउंडर

अवांतर: जोडणीचा मिक्सर किंवा स्टॉप ब्लॉक स्टीलचा असेल तर ॲसिडमधलं थायोसायनेट रात्रभर नळीत ठेवू नका. सकाळी फिकट गुलाबी दिसलं तर ते स्टीलमधलं लोखंड. काम संपलं की दोन्ही बाजूंनी पाण्याचे सहा-सात शॉट, मग २० टक्के इथेनॉल भरून ठेवायचं.

आणि तो थायोसायनेटचा कचरा ब्लीचच्या बाटलीजवळही नेऊ नका. विषारी वायू होतो. पर्क्लोरिक ॲसिडही सेंद्रिय द्रावकांच्या कॅनमध्ये ओतायचं नाही.

---

सानपाडा सिरिंज

अवांतरावर अवांतर: सील आणि ओ-रिंग इथे कुठे मिळतात? परदेशातून मागवायच्या म्हणजे दोन महिने यंत्र झाकून ठेवायचं.

---

कोपरीचा कंपाउंडर

ओ-रिंगसाठी लोकलने मस्जिदला उतरा आणि नागदेवीला जा. आतला व्यास आणि जाडी व्हर्नियरने मोजून न्या, जुनी रिंग खिशात ठेवा. व्हिटॉनच मागा, काळी नायट्राइल दिसायला तीच असते, पण ॲसिडमध्ये फुगते. प्लंजरची टेफ्लॉन सील मात्र मूळ कंपनीचीच घ्या, तिथे काटकसर करून वरची ०.३७-०.४३ ची कहाणी घरी आणाल.

---

पावसाळी वायू

रच्याकने, तापमानाचं कुणी बोललंच नाही. नवी मुंबईत जुलैत दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो. एसी बंद असलेल्या खोलीत सेल १५ अंशांवर नेली की काचेवर वाफ धरते आणि बेसलाइन वर सरकत जाते. दिसायला अगदी संथ रिॲक्शनसारखं. कमी तापमानाला काम करायचं तर सेलच्या कप्प्यात कोरड्या नायट्रोजनचा हलका झोत सोडा आणि खोलीचा एसी तासभर आधी लावा.

२५ अंशांवरही उन्हाळ्यात गडबड होते. खोली ३२, पाण्याचा सर्क्युलेटर २५. रिझर्व्हॉयरमधून नुकतं ओढलेलं द्रावण गरम असतं. भरल्यावर पाच-दहा मिनिटं थांबा. दहा अंशांना दर दुप्पट-तिप्पट होतो, म्हणजे दोन-तीन अंशांचा फरकही केऑब्जमध्ये स्पष्ट दिसतो.

---

रबाळेची बाटली

वाचतेय. आमच्याकडे सांडपाण्याचे रंगीत नमुने येतात. हे तंत्र नुसत्या कायनेटिक्सला आहे की ॲनॅलिसिसलाही?

---

खारेगावची खाडी

ॲनॅलिसिसलाही आहे, पण यंत्र वेगळं. १९७५ मध्ये डेन्मार्कमध्ये रुझिच्का आणि हान्सन यांनी फ्लो इंजेक्शन ॲनॅलिसिस मांडलं, त्याचाच हा एक प्रकार. अरुंद नळीतून रिएजंटचा प्रवाह चालू असतो, त्यात नमुना सोडायचा, तो डिटेक्टरच्या सेलमध्ये आला की पंप थांबवायचा. मग १५ ते ६० सेकंद ॲब्झॉर्बन्स कसा बदलतो ते बघायचं आणि उतारावरून प्रमाण काढायचं. इथे मिलिसेकंदांची घाई नाही.

रंगीत नमुन्याला याचा फायदा असा की नमुन्याचा स्वतःचा रंग थांबलेल्या काळात बदलत नाही, बदलतो तो फक्त रिॲक्शनचा. उतार घेतला की पार्श्वभूमीचा रंग आपोआप वजा होतो.

पंप थांबवण्याची वेळ मात्र दर वेळी तंतोतंत सारखी हवी. दशांश सेकंद पुढे-मागे झाला तर नमुन्याचा वेगळा, जास्त किंवा कमी पातळ झालेला भाग सेलमध्ये येतो. पेरिस्टाल्टिक पंपाची नळी रोज तासन्तास चालून सैल होते, प्रवाह हळूहळू घटतो आणि वेळ सरकते. म्हणून रोज सकाळी स्टँडर्ड मारून मगच नमुने, आणि काम संपलं की नळीवरचा दाब सैल करायचा.

---

ऐरोलीची आत्या

इतिहास निघालाच आहे तर: १९२३ मध्ये हार्ट्रिज आणि रफ्टन यांनी केंब्रिजमध्ये हिमोग्लोबिनसाठी जे केलं तो अखंड प्रवाह होता. नळीवर मिक्सरपासून वेगवेगळ्या अंतरांवर मोजायचं. अंतर म्हणजेच वेळ. पण त्यात द्रावण लिटरने लागायचं. १९४० मध्ये ब्रिटन चान्स यांनी पेरॉक्सिडेजसाठी ते थोड्या द्रावणावर आणलं, आणि १९६४ मध्ये गिब्सन आणि मिल्नेस यांचं यंत्र आलं, त्याच्या रचनेवर पुढची बरीच यंत्रं उभी राहिली. वर आळशी इलेक्ट्रॉनने सांगितलेला सपाट भाग म्हणजे थोडक्यात हार्ट्रिज-रफ्टनच, फक्त एकाच अंतरावर.

---

वागळे सर्कल

माझा घोडबंदरही अखंड प्रवाहाचाच होता, मेट्रोचं काम सुरू होईपर्यंत.

---

सानपाडा सिरिंज

डेड टाइम सात-आठ असेल म्हणून सगळे सांगताहेत. मोजायचा कसा?

---

आळशी इलेक्ट्रॉन

डायक्लोरोफिनॉल-इंडोफिनॉल आणि ॲस्कॉर्बिक ॲसिड. रंग पाण्यात किंवा किंचित अल्कलीत, कारण ॲसिडमध्ये तो टिकत नाही. ॲस्कॉर्बिक ॲसिड २० मिलिमोलर हायड्रोक्लोरिकमध्ये, त्याच दिवशी केलेलं. मीठ दोन्हीकडे सारखं. ५२४ नॅनोमीटरला मोजा, कारण तिथे रंगाच्या ॲसिड आणि बेस रूपांचं शोषण सारखंच असतं, पीएच बदलण्याचा धक्का दिसत नाही.

रंग एकच ठेवून ॲस्कॉर्बेट वाढवत न्या, रंगाच्या किमान दहापट. प्रत्येक वेळी केऑब्ज आणि दिसलेली ॲम्प्लिट्यूड लिहा. ॲम्प्लिट्यूडचा नॅचरल लॉग विरुद्ध के अशी रेषा काढा. उतार उणे, त्याची किंमत म्हणजे डेड टाइम. नमुन्यादाखल: के २० ला ०.४२६, ६० ला ०.३०९, १०० ला ०.२२५ मिळाले तर उतार उणे ०.००८, म्हणजे ८ मिलिसेकंद. आणि रेषा शून्यावर नेली की ०.५० येतो. ॲस्कॉर्बेट न घालता नुसत्या ॲसिडशी रंग मारून तोच ०.५० यायला हवा. नाही आला तर प्रमाण एकास एक नाही, अर्धायुष्य यांच्या प्रतिसादाकडे परत.

ही चाचणी लहान रिस्पॉन्सवरच करा, नाहीतर के खोटा येईल आणि डेड टाइमही. ड्राइव्हचा दाब बदलला तर पुन्हा मोजा. दाब कमी झाला की वेग उतरतो, डेड टाइम वाढतो, आणि फारच उतरला तर मिसळणंही अर्धवट होतं.

---

महापेकर

सर्वांचे आभार. निकाल देतो.

थायोसायनेटच्या बाजूच्या व्हॉल्व्हची सील बदलली. रंगाच्या चाचणीत आता ०.४० आणि ०.४०, दहाही शॉट स्थिर. ७०० नॅनोमीटरला सपाट रेषा. रिस्पॉन्स ०.१ सेकंदावर होता, ५ मिलिसेकंदावर आणला: गोलसर वळण गेलं, मागे छोटा टोकदार कोपरा उरला आणि वरचे तीन बिंदू बरेच वर आले. उरलेला थोडा झुकाव आयनिक स्ट्रेंग्थ १.२ ला बांधल्यावर गेला. म्हणजे मोदक अर्धा-अर्धा.

उतार आता १५० च्या आसपास, इंटरसेप्ट १.१. भागाकार १३६, म्हणजे समतोलांक. पण ॲम्प्लिट्यूडवरून काढलेला समतोलांक दर वेळी थोडा वेगळा येतो. कोणता धरायचा?

---

रसायनवेडा

अर्धा मोदकही गोड लागतो.

तुमच्या १३६ मधला १.१ फार डळमळीत आहे. ०.१ मोलरला केऑब्ज १६, त्यात इंटरसेप्टचा वाटा जेमतेम सात टक्के. वरच्या बिंदूंची थोडीशी चूकही इंटरसेप्टला हलवते. ०.०१ ते ०.०३ मध्ये चार-पाच बिंदू आणखी घ्या, फेरिक तिथेही थायोसायनेटच्या शंभरपट आहे, काळजी नाही. फिट करताना मोठ्या केला जास्त वजन मिळणार नाही असं वेटिंग द्या.

---

मिठागर

आणि ॲम्प्लिट्यूडवाल्या आकड्यात डेड टाइमची तूट भरून काढली का? के १६ आणि ८ मिलिसेकंदाला १२ टक्के जातात, के २.६ ला दोनच टक्के. दुरुस्ती न करता समतोलांक काढला तर तो फेरिकबरोबर सरकतानाच दिसेल. आधी ती भरा, किंवा ॲम्प्लिट्यूड सोडून अंतिम ॲब्झॉर्बन्स घ्या, ब्लँक त्याच फेरिकचा वजा करून. पुढचा ग्राफ इथेच टाका, अक्षांवर एककं लिहून.